बारावं नाव

"पोरगी आपलीच हाय सर. तुम्ही आधी चहा घ्या," अण्णासाहेब म्हणाले आणि त्यांनी शर्वरीच्या डोक्यावरून हात फिरवला. "जिल्ह्याच्या संघात यायचंय म्हणं हिला. हो ना गं?"

"हो," शर्वरी म्हणाली.

"मग झालं की! उद्याच्या निवड समितीत सगळी माझीच माणसं. काळजी करायची न्हाई."

मी हसलो, कपातला चहा एक घोट प्यायलो आणि म्हणालो, "तुमचा आशीर्वाद असू द्या."

आमच्याकडे हे वाक्य बारशापासून बदलीच्या अर्जापर्यंत कुठंही चालतं. त्याला तसा काही अर्थ नसतो आणि ज्याला कळायचं त्याला सगळं कळतं. शर्वरीनं मात्र कप अर्धा तसाच ठेवला आणि ती काकूंना मदत करायला म्हणून आत निघून गेली.

या गोष्टीला आता पंचवीस वर्षं होत आली. कृष्णाकाठच्या त्या गावाचं नाव मी सांगत नाही, अण्णासाहेबांची नातवंडं अजून तिथं राहतात आणि माणूस मनानं वाईट नव्हता. गावात मानाच्या दोन खुर्च्या होत्या, एक शारदीय व्याख्यानमालेची आणि दुसरी जिल्हा खो-खो मंडळाची. दोन्हींवर तेच बसत. त्या दिवशी संध्याकाळी व्याख्यानमालेत माझं भाषण होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्याच मैदानावर जिल्ह्याच्या मुलींच्या संघाची निवड चाचणी होती. एका एसटीत दोन्ही कामं होतायत म्हणून आम्ही बापलेक मिळून आलो होतो.

मी तालुक्याच्या गावी विज्ञान शिकवायचो. भाषणांचा नाद अपघातानं लागला. एकदा शाळेच्या पालक मेळाव्याला पाहुणे आलेच नाहीत, तेव्हा मुख्याध्यापकांनी मला उभं केलं. मी जे बोललो ते लोकांना आवडलं आणि मग आमंत्रणं येऊ लागली. चार वर्षांत पन्नास-साठ गावं झाली. विषय एकच, 'पाल्याला पंख द्या'. माझी बायको नलिनी म्हणायची, "घरातली दोन माणसं ऐकत नाहीत, बाहेरची दोनशे ऐकतात. नशीबवान आहात." मला ते कौतुक वाटायचं.

शर्वरी तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि दहावीत होती. दोन वर्षं तिच्या डोक्यात जिल्ह्याच्या संघाशिवाय दुसरं काही नव्हतं. वाढदिवसाला काय हवं विचारलं तरी "काही नको" म्हणायची आणि पहाटे उठून मैदानावर जायची. मला तिचा अभिमान होता. त्या अभिमानात माझा स्वतःचा वाटा मी जरा मोठा धरला होता, एवढंच.

संध्याकाळी ग्रंथालयाचा हॉल भरला होता. मी रंगात आलो आणि माझी ठेवणीतली गोष्ट काढली.

"माझी मुलगी तेरा वर्षांची होती," मी म्हणालो. "एक दिवस रडत घरी आली. म्हणाली, पप्पा, शाळेच्या संघातून माझं नाव गेलं. मी त्याच शाळेत शिक्षक. क्रीडाशिक्षक लोहारसर माझे मित्र. एक शब्द टाकला असता तर काम झालं असतं. पण मी टाकला नाही! मी तिला म्हणालो, बाळ, मी काही बोलणार नाही. तुझं तू बघ. ती चिडली, जेवली नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मैदानावर गेली. दीड महिन्यात स्वतःच्या बळावर संघात परत आली. मित्रहो, मी फक्त हात काढून घेतला!"

इथं मी थांबून पाणी पीत असे आणि मी पाणी पीत असताना टाळ्या पडत असत. त्या दिवशीही पडल्या.

भाषणानंतर श्रोत्यांचे प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून येत. एक कार्यकर्ता ताटलीत चिठ्ठ्या घेऊन आला. पहिला प्रश्न होता, मुलगा टीव्हीसमोरच जेवतो, काय करावं? दुसरा होता, मुलगी उलट बोलते. दोन्हींची उत्तरं मला पाठ होती. तिसरी चिठ्ठी मी मोठ्यानं वाचली, "संघातून नाव कुणी काढलं होतं?"

"अर्थात क्रीडाशिक्षकांनी," मी म्हणालो. "शिक्षकांकडूनही चुका होतात. मीही शिक्षक आहे, म्हणून खात्रीनं सांगतो." लोक हसले.

चौथी चिठ्ठी उघडली आणि ती मी मनातल्या मनातच वाचली. त्याच वहीचा कागद होता आणि अक्षरही तेच. प्रश्नचिन्हाखाली टिंबाऐवजी बारीक गोल काढायची सवय एकाच व्यक्तीला होती, तिच्या वह्या मी सातवीपासून तपासत होतो. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'आणि त्याआधी संघात नाव कुणी घातलं होतं?'

मी समोर पाहिलं. चौथ्या रांगेत अण्णासाहेबांच्या घरच्या काकूंशेजारी शर्वरी बसली होती आणि सरळ माझ्याकडे बघत होती. ती रागावलेली नव्हती. गणित घातल्यावर उत्तराची वाट बघावी तशी ती बघत होती.

मी चिठ्ठी खिशात घातली आणि म्हणालो, "वेळेचं बंधन आहे, आपण इथं थांबू."

मग आभार झाले, शाल झाली, नारळ झाला. अण्णासाहेबांच्या घरी श्रीखंड-पुरीचं जेवण झालं. जेवताना शर्वरी काकूंशी व्यवस्थित बोलत होती. माझ्याशी एक अक्षर बोलली नाही.

सकाळी साडेसहाला आम्ही मैदानाकडे चालत निघालो. तिच्या खांद्याला पिशवी होती. थोडं अंतर गेल्यावर तिनंच विचारलं, "चिठ्ठी टाकून दिलीत का?"

"तू मला भर सभेत असं का विचारलंस?"

"घरी विचारलं असतं तर तुम्ही बोलूच दिलं नसतं."

"मी? मी बोलू देत नाही? अगं, मी जगाला सांगत फिरतो की मुलांचं ऐका."

"हो, सांगता," ती म्हणाली आणि तिला जरा हसूच आलं. मला मात्र हसू येईना.

"शरू, नीट सांग काय झालं होतं ते."

ती चालता चालता सांगू लागली. आवाज शांत होता. आठवीत पहिल्यांदा संघात नाव आलं तेव्हा ती आनंदानं नाचली होती. महिन्याभरानं संघातलीच एक मुलगी सगळ्यांसमोर तिला म्हणाली होती, तू खेळतेस म्हणून नाही आलीस, तुझ्या पप्पांनी शब्द टाकला म्हणून आलीस. शर्वरीला ते खरं वाटलं नव्हतं. ती सरळ लोहारसरांकडे गेली. लोहारसर आधी इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, अगं, तुझे पप्पाच चहा पिताना म्हणाले होते, आमचीला घ्या की.

मी जागीच थांबलो. मला ते आठवत नव्हतं आणि तरी ते खरं आहे हे मला कळत होतं. स्टाफरूम, मधली सुट्टी, चहा. 'आमचीला घ्या की, तेवढीच तिची धावपळ होईल.' याला कुणी शब्द टाकणं म्हणतं का? मी तर म्हणत नव्हतो.

"मग?" मी विचारलं.

"मग मी लोहारसरांना म्हटलं, माझं नाव काढा. सगळ्यांची चाचणी घ्या. जी चांगली खेळेल तिला घ्या. सर म्हणाले, वेडी आहेस का? मी म्हटलं, काढाच."

"म्हणजे तुझं नाव..."

"मीच काढलं पप्पा. घरी रडत आले ते तुम्हाला विचारायला, की तुम्ही खरंच असं बोलला होतात का. मी एवढंच म्हणाले की संघातून माझं नाव गेलं. पुढचं बोलायच्या आत तुम्ही सुरू झालात. मी काही बोलणार नाही, तुझं तू बघ, आयुष्यात असंच असतं. वीस मिनिटं बोलत होतात. मग मला विचारावंसंच वाटेना."

रस्त्यावरून दुधाच्या किटल्या लावलेली सायकल गेली. आम्ही दोघं बाजूला झालो.

"दोन वर्षं का सांगितलं नाहीस?"

"आईला सांगितलं होतं. ती म्हणाली, मिळतायत टाळ्या तर मिळू देत. आणि तुम्ही इतक्या खुशीत सांगत होता." तिनं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "काल तुम्ही अण्णासाहेबांना म्हणालात, आशीर्वाद असू द्या. मला पुन्हा तसं व्हायला नकोय. तुम्ही त्यांना जाऊन सांगा, माझ्या मुलीचं काही बघू नका. एवढंच करा पप्पा. बाकी माझं मी बघते."

मी सगळ्या महाराष्ट्राला सांगत फिरत होतो ते वाक्य मला माझी मुलगी सांगत होती. मी म्हणालो, "सांगतो."

मैदानावर चाळीसेक मुली जमल्या होत्या. पाठीवर कागदी नंबर टाचून घेत होत्या, आणि पालक कडेनं घोळके करून उभे होते. अण्णासाहेब टेबलाशी होते, त्यांच्या भोवती सात-आठ माणसं. मी जवळ गेलो आणि त्यांना जरा बाजूला बोलावलं.

"अण्णासाहेब, ते काल... म्हणजे शर्वरीचं... तुम्ही तसं काही विशेष मनावर घेऊ नका. ती खेळेल तसं."

त्यांनी माझ्या पाठीवर जोरात थाप मारली. "कळलं सर, कळलं! शिक्षक माणूस, तोंडानं मागणार न्हाई. आपल्याला इशारा पुरे असतो." आणि माझ्यादेखत त्यांनी टेबलाजवळच्या एका गृहस्थांच्या कानात काहीतरी सांगितलं.

मी तिथंच म्हणायला हवं होतं, अहो, तसं नाही, मी खरंच नको म्हणतोय. चार शब्दांचं काम होतं. पण भोवती माणसं होती, रात्री त्यांचं श्रीखंड खाल्लं होतं आणि नाही म्हणायचं ते गोड शब्दांत, ही जन्माची सवय. मी परत आलो.

"सांगितलं?" शर्वरीनं विचारलं.

"सांगितलं."

हे खोटं नाही, असं मी मनाला बजावत राहिलो.

तिच्या गटात चौदा नंबरची एक मुलगी होती, सुरेखा कोळेकर. दुष्काळी भागातल्या कुठल्याशा वाडीवरून पहाटेच्या एसटीनं एकटीच आली होती. तिच्याबरोबर ना पालक होते, ना शिक्षक. पण ती धावायला लागली आणि पालकांच्या गप्पा बंद पडल्या. पाठलाग करणारी हात लांब करायची आणि ही खांबाजवळ अशी काही वळसा घ्यायची की तो हात रिकाम्या जागी पडायचा. तिला ठरलेल्या चार मिनिटांत कुणी शिवूही शकलं नाही.

शर्वरी पन्नास सेकंदांत बाद झाली. वळताना पाय घसरला आणि मागून थाप पडली. ती कपडे झटकत उठली आणि रेषेबाहेर जाऊन बसली. नंतर पाठलागाची पाळी आली तेव्हा जीव तोडून धावली, पण एकच गडी तिच्या हाती लागला. तो तिचा दिवस नव्हता. मी घड्याळ बघत होतो. दोन वर्षांच्या पहाटा अशा पन्नास सेकंदांत संपल्या होत्या.

साडेदहाला एका निवृत्त क्रीडाशिक्षकांनी यादी वाचायला घेतली. संघ बारा जणींचा. एकेका नावाला टाळ्या पडत होत्या. अकरा नावं झाली. त्यांत सुरेखाचं नाव नव्हतं. ती पिशवी पोटाशी धरून टक लावून ऐकत होती.

"बारा. शर्वरी तारळेकर."

माझ्या मागं कुणीतरी हळूच म्हणालं, "कालचं व्याख्यान हिच्या पप्पांचं."

शर्वरीनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. तिला जे कळायचं ते कळलं. ती उठली आणि सरळ टेबलाकडे चालत गेली.

"सर, माझं नाव चुकून आलंय."

"चुकून न्हाई बाळ," अण्णासाहेब म्हणाले. "अभिनंदन!"

"चुकूनच आलंय. मी पन्नास सेकंदांत बाद झाले. एकच गडी मारला. चौदा नंबरची मुलगी शेवटपर्यंत बाद झाली नाही. तिचं नाव यादीत नाही."

"लाजू नको पोरी. मोठ्या माणसांनी ठरवलंय ते."

"मला यायचंय संघात," ती म्हणाली. "दोन वर्षं मी दुसरं काही मागितलेलं नाही. पण असं नको. माझं नाव काढा."

मी पाठीमागून तिच्याकडे बघत होतो. ती एक पाऊलही मागं सरली नाही. जी गोष्ट मी गावोगाव चुकीची सांगितली होती ती माझ्यासमोर पुन्हा घडत होती, आणि या खेपेला मी ती बघत होतो. तेरा वर्षांची असताना हे सगळं तिनं एकटीनं केलं होतं. आणि त्याच दिवशी घरी येऊन माझं भाषण ऐकून घेतलं होतं. मला इतकी लाज वाटली आणि त्याच वेळी तिचं इतकं कौतुक वाटलं की डोळ्यांत पाणी कशाचं आलं ते सांगता येणार नाही.

अण्णासाहेब गोंधळले. त्यांनी गर्दीत मला शोधलं. "सर, अहो तुम्ही तरी सांगा की पोरीला!"

सगळे माझ्याकडे वळले. मी टेबलापर्यंत गेलो.

"अण्णासाहेब, शब्द मी टाकला होता," मी म्हणालो. "काल तुमच्या घरी चहा पिताना. सकाळी तो परत घ्यायला आलो आणि मला तो परत घेता आला नाही. तुमची चूक नाही, माझी आहे. तिच्या शाळेतही मीच टाकला होता. ती म्हणतेय तसं करा."

शर्वरी माझा शर्ट ओढत कानाशी पुटपुटली, "पप्पा, जरा हळू. सगळे ऐकतायत."

यादी वाचणाऱ्या गुरुजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, कागदावर एक रेघ मारली आणि तिच्याखाली काहीतरी लिहिलं. मग अण्णासाहेबांकडे न बघता खणखणीत आवाजात वाचलं, "बारा. सुरेखा कोळेकर."

अण्णासाहेब माझ्याशी नंतर दोन वर्षं बोलले नाहीत. व्याख्यानमालेचं आमंत्रणही पुन्हा आलं नाही. त्या वेळी मात्र मला त्याचं काही वाटलं नाही.

सुरेखा शर्वरीजवळ आली. म्हणाली, "मग तू गं?"

"मी पुढच्या वर्षी येते," शर्वरी म्हणाली. नाक लाल झालं होतं, डोळे भरले होते, ते तिनं मनगटानं पुसले. "तुझी एसटी किती वाजता आहे?"

"एकला हाय."

"मग तो खांबाजवळचा वळसा शिकव ना मला. मी तिथंच मरते दर वेळी."

"आत्ता?"

"मग कधी? तू जाणार आता संघाच्या सरावाला."

सुरेखा हसली आणि तिनं पिशवी माझ्या पायाशी आणून ठेवली. "काका, बघा हां जरा," म्हणाली आणि दोघी मैदानात पळाल्या.

आमची एसटी साडेअकराची होती. मी एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि शर्वरीला हाक मारायला तोंड उघडलं. मग तसंच मिटलं. लोक पांगले, मांडव काढणारी माणसं बांबू सोडायला लागली. मी कडेच्या दगडावर दोन्ही पिशव्या घेऊन बसून राहिलो.

पुढच्या वर्षी तिची निवड झाली. अकरावीतली ती चाचणी दुसऱ्याच गावी होती आणि मी घरी राहिलो होतो, कारण तिनं तसं सांगितलं होतं. पण जिल्ह्याच्या संघातली शर्वरी डोळ्यांसमोर आणायची झाली, तर मला ती त्या निवडीच्या दिवसाची दिसत नाही. मला ती त्या सकाळी दिसते, संघात नसलेली, रणरणत्या उन्हात खांबाशी झुंजत असलेली.

सुरेखा एकदा करून दाखवायची आणि शर्वरी तसंच करायला जायची. पहिल्यांदा ती आपटली तेव्हा मी ताडकन उभा राहिलो. ती उठली, तेव्हा मी बसलो. दुसऱ्यांदा पडली, तेव्हा पुन्हा अर्धा उठलो. तिसऱ्यांदा पडली, चौथ्यांदा पडली. कोपर खरचटलेलं मला एवढ्या लांबून दिसत होतं.

पाचव्यांदा ती पडली तेव्हा मी बसूनच राहिलो.